काच, पत्रा आणि मधले रबर

जुन्या मोटारगाडीची समोरची काच बसवणे हे काम गॅरेजातील कामांच्या उतरंडीत फारसे वरचे मानले जात नाही. इंजिन उघडून पुन्हा बांधणाऱ्या मिस्त्रीला मान असतो, पोचे काढून पत्रा सरळ करणाऱ्या डेंटरची वाट पाहिली जाते आणि रंगाऱ्याच्या हाताचे कौतुक होते. काचवाला मात्र सगळे आटोपल्यावर, रंग वाळल्यावर, तासा-दोन तासांसाठी बोलावला जातो. तरीही गाडी पहिल्यांदा पावसात उभी राहते तेव्हा आधीच्या कित्येक महिन्यांच्या श्रमांचे काय होणार हे याच दोन तासांच्या कामावर ठरते, कारण काचेच्या कडेने आत शिरलेले पाणी डॅशबोर्डच्या मागून, वायरींच्या जुडग्यावरून ओघळत तळाच्या पत्र्यापर्यंत पोचते आणि तिथे कोणाच्याही नजरेस न पडता आपले काम सुरू करते.

हा विषय नीट समजून घेण्यासाठी एखादी विशिष्ट गाडी डोळ्यांसमोर असणे बरे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर प्रीमिअर पद्मिनीइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटची ‘११०० डिलाइट’ ही गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिच्या आधीच्या, गोलसर अंगाच्या फियाटला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पद्मिनीला असे टोपणनाव फारसे चिकटले नाही, कारण लोक तिला शेवटपर्यंत नुसते ‘फियाट’च म्हणत राहिले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांवर हजारोंच्या संख्येने धावली आणि टॅक्सींसाठी ठरलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे यांतील शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. खाजगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही आहेत, आणि त्यांच्या समोरच्या काचेभोवतीचे रबर बदलण्याची वेळ प्रत्येकीवर एकदा तरी आलेली असते.

ज्याला बाजारात ‘बीडिंग’ किंवा नुसते ‘काचेचे रबर’ म्हणतात तो भाग वरून पाहता साधी काळी पट्टी वाटतो, परंतु त्याचा आडवा छेद घेतला तर त्यामागची योजना कळते. छेदात ही पट्टी आडव्या पाडलेल्या इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी दिसते, म्हणजे तिला पाठीला पाठ लावून दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड बसते आणि दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची ती अरुंद कड बसते, जी काचेसाठी सोडलेल्या खिडकीभोवती आतल्या बाजूला वळवलेली असते. प्रत्येक खाचेला दोन ओठ असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. हे ओठ काचेला आणि पत्र्याला दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात आणि त्यांच्या दाबावरच सगळी पकड अवलंबून असते. काही गाड्यांच्या रबराच्या बाहेरच्या अंगाला तिसरी, उथळ खाच असते आणि तिच्यात नंतर एक पट्टी दाबून बसवतात. या पट्टीमुळे ओठ बाहेरच्या बाजूला पसरून आणखी घट्ट आवळले जातात. या सगळ्या रचनेत एकही स्क्रू नाही, खिळा नाही, झाळकाम नाही. काच आणि पत्रा एकमेकांना कुठेही स्पर्श करत नाहीत आणि तरीही जन्मभर एकमेकांना सोडत नाहीत.

त्यांना स्पर्श का करू द्यायचा नाही, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे असते की उन्हात लोखंड आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. हे खरे आहे, पण हिशेब केला तर त्याचे महत्त्व कमी ठरते. सव्वा मीटर रुंदीच्या काचेत आणि तेवढ्याच लांबीच्या पोलादी पत्र्यात पन्नास अंश तापमानवाढीने पडणारा फरक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतो. खरे कारण गाडीच्या पीळ खाण्यात आहे. पद्मिनीला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. तिचा तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा होतो, ज्याला मोनोकॉक म्हणजे एकसंध कवचाची रचना म्हणतात. पुढचे एक चाक खड्ड्यात उतरले की हा संपूर्ण सांगाडा किंचित पिळतो आणि काचेसाठी सोडलेली चौकट क्षणभर आपला काटकोन सोडते. पत्रा ही वाकण्याची मुभा घेतो, काच घेऊ शकत नाही. त्या क्षणी एक ओठ थोडा दाबला जातो, समोरचा थोडा सैल होतो आणि पुढच्या क्षणी दोघेही पूर्वपदावर येतात; एखाद्या टॅक्सीच्या आयुष्यात हे किती लक्ष वेळा घडले असेल याची गणती करता येणार नाही.

काचेविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण जुन्या गाडीत कोणती काच बसवायची हा निर्णय रबर आणण्याच्या आधी घ्यावा लागतो. मोटारीच्या आरंभकाळात समोर साधी सपाट काच असे आणि अपघातात तिचे सुरे होत. यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय टफन्ड म्हणजे कडक केलेल्या काचेचा: काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्या दोन्ही पृष्ठांवर थंड हवेचे झोत सोडले की बाहेरचा थर आधी गोठतो आणि आतला मागाहून आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. अशी काच सहजासहजी फुटत नाही, पण फुटली की एका क्षणात संपूर्णपणे बोथट कणांत विखुरते, आणि विखुरण्यापूर्वी जागच्या जागी पांढरी होऊन चालकाची दृष्टी हिरावून घेते. दुसरा उपाय लॅमिनेटेड म्हणजे थर जोडून केलेल्या काचेचा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये खाली पडलेला काचेचा चंबू तडकूनही अखंड राहिला, कारण त्याच्या आतून वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा बसला होता, अशी या शोधाची कथा सांगितली जाते. पुढे त्या पदार्थाची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिराल या पारदर्शक प्लास्टिकने घेतली आणि आज दोन काचांच्या मध्ये त्याचा सुमारे पाऊण मिलिमीटरचा थर असतो. दगड लागला की ही काच तडकते, परंतु तिचे तुकडे थराला चिकटून राहतात आणि समोरचे दिसत राहते. भारतातील नियमांनीही समोरच्या काचेसाठी पुढे हीच जात बंधनकारक केली, म्हणून कडक केलेली जुनी काच बदलताना लॅमिनेटेड काच घेणे हाच शहाणपणा आहे, मग मूळ नमुना काहीही असो. या बाबतीत मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांशी तडजोड करण्याचे कारण दिसत नाही. मात्र दोन्ही जातींच्या काचांच्या जाडीत थोडा फरक असू शकतो आणि तो फरक रबराच्या खाचेला बरोबर कळतो.

जुने रबर काढण्याचा दिवस हा खरे तर निदानाचा दिवस असतो. वाळलेल्या रबराला सोडवण्याच्या फंदात कोणी पडत नाही; धारदार पात्याने बाहेरचा ओठ सगळीकडून कापतात आणि काच आतून तळव्यांनी हळूहळू बाहेर लोटतात. मग रबर निघते आणि इतकी वर्षे त्याच्या खाली झाकलेली पत्र्याची कड उघडी पडते. वरच्या बाजूला ती बहुधा स्वच्छ असते, कारखान्यातला मूळ रंगसुद्धा तिथे सापडतो, आणि गाडी नंतर कितीदा व कोणकोणत्या रंगांत रंगवली गेली याचे थर तिथे झाडाच्या वलयांसारखे मोजता येतात. खालच्या दोन कोपऱ्यांत मात्र चित्र वेगळे असते. तिथे रबराच्या खाचेत बारीक माती, एखाद्या पानाच्या शिरा आणि तपकिरी पापुद्रे यांचा ओलसर लगदा साठलेला असतो, बोट लावले की पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या खाली पत्र्याऐवजी जाळी हाताला लागते. रबराने बाहेरचे पाणी अडवले हे जितके खरे, तितकेच जे पाणी कधीतरी आत गेले त्याला त्याने बाहेर जाऊ दिले नाही हेही खरे. आणि जिथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व हवेतच समुद्राचे मीठ असते अशा मुंबईत या अडकलेल्या पाण्याला फार वेळ लागत नाही. ही जाळी कापून, नवा पत्रा जोडून, कड पुन्हा सारख्या जाडीची केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकणे व्यर्थ असते. पुट्टी भरून कड उभी करणारे लोक आहेत, पण रबराच्या ओठांना पुट्टीचा खोटा भक्कमपणा पहिल्याच पावसाळ्यात उमगतो.

हे रबर असे का म्हातारे होते, हा प्रश्न जरा थांबून पाहण्यासारखा आहे. रबराच्या चिकाला गंधक मिसळून तापवले की त्याचे लांबलचक रेणू ठिकठिकाणी एकमेकांशी बांधले जातात आणि चिकट, ठिसूळ चिकाचा लवचिक पदार्थ होतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. परंतु नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध शिल्लक असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्याच बंधांवर घाव घालतो. ज्या जागी रबर ताणलेले असते तिथे हा घाव आधी दिसतो, म्हणून कोपऱ्याच्या वळणावर, ताणाच्या दिशेला आडव्या अशा बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा. ऊन त्यातले मऊपणा राखणारे तेल हळूहळू उडवून नेते आणि रबर आकसते. जोड दिलेल्या ठिकाणी दोन टोकांमध्ये फट दिसू लागली की ते रबर आता लांबीलाही पुरत नाही असे समजावे. १९६०च्या दशकात प्रचारात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोनला तिथे धरायला जागा मिळत नाही, आणि आज नवे रबर घ्यायचे तर याच पदार्थाचे घेणे योग्य ठरते.

इथे जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या मनातला एक जुना पेच समोर येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज म्हणजे जुन्या वारशाच्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल न करता मूळ रूपात राखलेली गाडी पात्र मानली आहे. म्हणजे १९६४ च्या पहिल्या डिलाइट आता या वयाच्या आहेत. मूळपणाची ही कल्पना समंजस आहे, पण तिच्या यादीत रबर नाही, आणि ते असूही शकत नाही. पन्नास वर्षे टिकलेले मूळ रबर गाडीवर असेल तर ती गाडी आतून कुजत असते. काचेच्या कोपऱ्यातली कारखान्याची कोरीव खूण, इंजिनाचा क्रमांक, मूळ रंगाची छटा या गोष्टी मूळ राहू शकतात त्या केवळ यासाठी, की त्यांच्यामध्ये बसलेला हा काळा भाग कोणीतरी वेळोवेळी फेकून दिला आणि नवा बसवला. पंढरीच्या वाटेवर पिढ्यानुपिढ्या तीच दिंडी चालते आणि चालणारी माणसे बदलत जातात, तसेच काहीसे हे नाते आहे. जुनी वस्तू जशीच्या तशी ठेवण्याच्या नादात तिच्यातल्या मरणाऱ्या भागाला मरू न देणे, हा जपणुकीतला सर्वांत मोठा दोष होय.

नवे रबर मिळवणे हे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरातील किंवा पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत पद्मिनीचे रबर मागितले की दुकानदार आधी नमुना मागतो. हा नमुना म्हणजे जुन्या रबराचा बोटभर कापलेला तुकडा; त्याच्या छेदावरून, खाचांची रुंदी आणि ओठांची जाडी पाहून, जाणता दुकानदार गाडीचे नाव न ऐकताही योग्य गुंडाळी काढून देतो. म्हणून जुने रबर कितीही तडकलेले असले तरी काम संपेपर्यंत ते टाकायचे नसते, ही या धंद्यातली पहिली शिकवण आहे. दुसरी शिकवण अशी की काच रबराशिवाय, कोरडी, चौकटीत धरून पाहावी. कड आणि काच यांच्यातली फट चहूबाजूंनी सारखी असेल तर पुढे जावे. काच एका कोपऱ्यावर डुगडुगत असेल तर तिचे वळण आणि चौकटीचे वळण जुळत नाही, आणि ते रबराच्या जोरावर जुळवू पाहणे म्हणजे काचेत आजच एक तडा पेरून ठेवणे होय.

आता बसवण्याची कृती. काच जाड सतरंजीवर पालथी ठेवून रबर तिच्या कडेवर चढवतात. आधी ते उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवून मऊ केलेले असते, आणि लांबी कापताना सुमारे सेंटिमीटरभर जास्त ठेवलेली असते, जेणेकरून टोके एकमेकांना रेटत राहतील. कोपऱ्यांवर रबर ताणायचे नाही, उलट तिथे जरासे ढकलून भरायचे, कारण ताणलेला कोपराच पुढे आधी फाटतो. मग पत्र्यासाठीच्या मोकळ्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी सबंध परिघाभोवती बसवतात आणि तिची दोन्ही टोके खालच्या कडेच्या मध्यावर एकमेकांवरून नेऊन हातभर मोकळी सोडतात. खाचेला आणि पत्र्याच्या कडेला साबणाचे पाणी लावतात. घाईत कोणी इंजिनाचे तेल किंवा ग्रीस लावू पाहतो, पण खनिज तेलाने रबर फुगते आणि सैल पडते, त्यामुळे साबणाला पर्याय नाही.

यापुढचे काम एकट्याचे नाही. दोघे जण बाहेरून काच उचलून चौकटीत टेकवतात आणि दोरीची टोके आत सोडतात; एक जण बाहेर थांबतो, एक जण आत पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसतो. आतला माणूस दोरीचे एक टोक काचेच्या मध्याकडे, कडेला काटकोनात, सावकाश ओढू लागतो. दोरी खाचेतून निघताना रबराचा आतला ओठ उचलून धरते आणि तो ओठ पत्र्याच्या कडेवरून पलीकडे उलटतो, बोटभर, मग आणखी बोटभर, एक ओला, चिकट आवाज करत. बाहेरचा माणूस नेमक्या त्याच जागेसमोर तळहाताने काच आत दाबत सरकत राहतो. त्याला आतली दोरी दिसत नाही आणि आतल्याला बाहेरच्याच्या तळव्याचा जोर दिसत नाही; दोघांमध्ये फक्त ‘दाब’, ‘थांब’, ‘सोड’ एवढेच शब्द चालतात. आधी खालची कड, मग दोन्ही बाजू, आणि सर्वांत शेवटी वरची कड असा क्रम असतो. कोपऱ्याशी दोरी जड होते. नवशिक्या तिथे जोर लावतो आणि दोरीनेच ओठ कापून बसतो. मुरलेला माणूस थांबतो, साबणाचे पाणी पुन्हा सोडतो, बाहेरच्याला कोपरा वरून थोपटायला सांगतो आणि मगच पुढचा हिसका देतो. एखादा ओठ मागे राहिला तर तो लाकडी किंवा हाडाच्या बोथट पट्टीने काढायचा असतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक काचेच्या कडेला टेकले की अनर्थ होतो, कारण काचेचे सगळे दौर्बल्य तिच्या कडेत असते. कापताना तिथे राहिलेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांपैकी एखादी जागी होते आणि तडा शांतपणे काचेच्या मध्याकडे चालू लागतो.

आजच्या मोटारींत ही दोरी उरलेली नाही. तिथे काच पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने थेट सांगाड्याला जोडतात, आणि जोडलेली काच छपराला आधार देते, सांगाड्याचा पीळ कमी करते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धत श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण तीच पद्धत जुन्या गाडीला लावणे चुकीचे ठरते, कारण तिचा सांगाडा मुळात काचेवर भार न टाकता पिळण्यासाठीच आखलेला असतो आणि तो भार अचानक काचेवर आला की ती टिकत नाही.

रबर बसल्यावर बाहेरच्या ओठाखाली, काचेच्या आणि पत्र्याच्या दोन्ही अंगांना, कधीही कडक न होणाऱ्या सीलंटची म्हणजे फट बुजवणाऱ्या लोण्यासारख्या द्रव्याची बारीक रेघ सोडतात. गळतीची परीक्षा पाण्याच्या नळीने घेतात, पण पाणी वरून एकदम ओतत नाहीत. खालच्या कडेपासून आरंभ करून इंचाइंचाने वर चढतात, म्हणजे गळती दिसली तर ती नेमकी कुठल्या उंचीवरची हे कळते. वरून ओतलेले पाणी कुठेही शिरून भलतीकडेच प्रकट होते. त्या वेळी दुसरा माणूस आत बसून डॅशबोर्डच्या खाली, दोन्ही कोपऱ्यांत, कोरडी बोटे फिरवत असतो. बोटे कोरडी आली तरी काम संपले असे जाणते लोक मानत नाहीत, कारण नव्या रबराला आपली जागा धरायला काही आठवडे लागतात आणि नळीच्या पाण्याला वाऱ्याने तिरक्या झालेल्या सरींचा जोर नसतो. म्हणून मृगाचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचे दार उघडून पुढच्या दोन्ही बाजूंचे जाजम उचलतात, त्याखालच्या नमद्यावर तळहात दाबून धरतात आणि ओल लागते का ते पाहतात.